घड्याळ येईपर्यंत

ही हकीकत मी चारचौघांत सांगू नये, असं माझ्या बायकोचं मत आहे. आपल्या मूर्खपणाची वाच्यता आपण करू नये, त्यासाठी शेजारी असतात, असं ती म्हणते. पण शेजाऱ्यांनी आपलं काम इतकं चोख बजावलंय की आता लपवायला काही उरलेलं नाही. तेव्हा निदान खरं काय ते माझ्या तोंडून जावं, एवढंच.

तर झालं असं, की मुलीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. रुजू व्हायला बरोबर दहा आठवडे होते. पत्र आलं त्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "बाबा, मी जायच्या आत आपण दोघं दर रविवारी टेकडीवर जाऊ या. दहा रविवार आहेत."

टेकडी आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. मुलगी कॉलेजात असल्यापासून दर रविवारी जायची. मी मात्र ती लांबूनच बघितलेली. लांबून ती मला आवडते.

"जाऊ की," मी म्हणालो. इथेच गप्प बसलो असतो तर आज मान वर करून फिरलो असतो. पण पुढे म्हणालो, "फक्त त्याआधी एक घड्याळ घ्यायला हवं." आमच्या ऑफिसातल्या नव्या इंजिनियरच्या हातात तसलं होतं. उपग्रहावरून वाट दाखवतं, उंची सांगतं, छातीचे ठोके मोजतं, धावणं-पोहणं-सायकल सगळं त्यात.

"बाबा, तिथे एकच वाट आहे," मुलगी म्हणाली. "ती वर जाते आणि तीच खाली येते."

"तरी तयारीनिशी गेलेलं बरं."

"मग पुढच्या रविवारी?"

"पुढच्या रविवारी नक्की," मी म्हणालो.

इथे माझ्या नोकरीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी पाणीपुरवठा खात्याच्या खरेदी विभागात अधीक्षक आहे. सत्तावीस वर्षं झाली. खात्यात बादलीपासून पंपापर्यंत काहीही यायचं तर तीन कोटेशनं आणि तुलनात्मक तक्ता माझ्या टेबलावरून गेल्याशिवाय येत नाही. एकदा एका शिडीची खरेदी चार वर्षं चालली. शिडी आली तोवर ज्या टाकीवर चढायचं होतं ती टाकी पाडून झाली होती. पण त्या फायलीत एक चूक कुणाला काढता आलेली नाही. घरात मात्र सगळी खरेदी बायको करते. मी स्वतःच्या मनाने आणलेली शेवटची वस्तू म्हणजे छत्री. तीही ती दुसऱ्या दिवशी बदलून घेऊन आली होती. त्यामुळे हे घड्याळ माझ्या दृष्टीने नुसतं घड्याळ नव्हतं. अब्रूचा प्रश्न होता.

पहिला रविवार तक्ता आखण्यात गेला. अकरा घड्याळं, एकतीस रकाने. बॅटरी किती दिवस, वजन किती, पट्टा कसला, धावणं, पोहणं, गिर्यारोहण, बर्फावरून घसरणं. बर्फावरून घसरायची सोय अकरापैकी नऊ घड्याळांत होती. आमच्याकडे बर्फ फक्त फ्रीजमध्ये पडतो. पण सोय आहे म्हटल्यावर रकाना रिकामा कसा सोडायचा?

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांना जगातल्या सगळ्या गोष्टींचा अनुभव आहे, म्हणून सगळे त्यांना अनुभवी म्हणतात. तक्त्याचा वास लागताच ते चष्मा पुसत वर आले.

"पाण्याचं बघितलंत का?" त्यांनी विचारलं. "माझ्या मेव्हण्याचं असलंच घड्याळ पाण्यात गेलं."

"पोहताना?"

"छे, कपडे धुताना. तेव्हा पन्नास मीटरवर भागवू नका. शंभर मीटर खोल चालणारंच घ्या."

मला पोहता येत नाही. मी शंभर मीटर खोल गेलोच तर किती वाजले याची चौकशी करणार नाही, हे मलाही कळत होतं. पण पुढेमागे कुणी ताशेरे ओढायला नकोत म्हणून मी शंभर लिहिलं. त्याबरोबर पाच घड्याळं बाद झाली आणि पाच नवी शोधावी लागली. तेवढ्यात बायको दारात आली.

"अहो, पोरगी केव्हाची बूट घालून बसलीय."

"दहा मिनिटं," मी म्हणालो. अनुभवींचं तेव्हा पट्ट्याच्या रबराबद्दल चाललं होतं. ते संपेपर्यंत मुलगी एकटीच जाऊन परतसुद्धा आली.

दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी दुकानं पालथी घातली. एका दुकानातली विक्रेती फार सभ्य होती. तिने हसून विचारलं, "सर, तुम्ही कुठला खेळ खेळता? त्याप्रमाणे दाखवते." एकतीस रकान्यांत हा प्रश्न कुठेच नव्हता. मी जरा घसा साफ केला आणि म्हणालो, "कधीमधी पत्ते."

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. "पत्त्यांचा मोड नाहीये सर," ती म्हणाली, "पण चालण्याचा आहे." मी तक्ता घडी करून खिशात घातला आणि विचार करून येतो म्हणून निघालो. ते दुकान बाजाराच्या वाटेवर असल्यामुळे मी आता बाजाराला पलीकडच्या रस्त्याने जातो.

माझी ही दैना बघून वरच्या मजल्यावरच्या डेंटिस्टबाईंना दया आली. त्या धावतात. एका धावणाऱ्यांच्या क्लबात आहेत आणि वर्षअखेरीच्या स्पर्धेसाठी दोन वर्षं घाम गाळत होत्या. "काका, माझं घड्याळ चार दिवस वापरून बघा आणि मग ठरवा," असं म्हणून त्यांनी आपलं घड्याळ काढून माझ्या हातात ठेवलं. आजकाल कोण कुणाला एवढं देतं?

बुधवारी सकाळी बस स्टॉपवर मी त्याचं एक बटण दाबलं. घड्याळ थरथरलं आणि त्यावर धावणारा माणूस दिसायला लागला. तो थांबेना. मी सगळी बटणं दाबली, तेवढ्यात बस आली. खिडकीजवळची जागा मिळाली म्हणून मी बसलो आणि जरा डोळा लागला. ऑफिस अकरा किलोमीटरवर आहे.

घड्याळ आपली नोंद परस्पर क्लबाला पाठवतं, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत डेंटिस्टबाईंना चाळीस अभिनंदनं आली. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबाच्या सेक्रेटरींचा फोन आला, की अकरा किलोमीटर एकोणीस मिनिटांत कोणी धावत नाही, तेव्हा चौकशी होईपर्यंत आपलं नाव स्पर्धेच्या यादीतून काढण्यात येत आहे.

आयुष्यभर मी लोकांकडून खुलासे मागवले. त्या रविवारी, म्हणजे चौथ्या, मी स्वतः खुलासा लिहायला बसलो. 'सदर अंतर मी बसने, खिडकीजवळील आसनावर बसून, काही काळ झोपेत कापले असून त्यात डॉक्टरबाईंचा काहीही दोष नाही.' हे पत्र क्लबाच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवण्यात आलं. लोकांनी म्हणे दोनदा वाचायला लावलं. बाईंचं नाव यादीत परत आलं. मी माफी मागायला गेलो तेव्हा मुलगीही बरोबर आली होती. "असू दे काका," बाई म्हणाल्या, पण दात न दाखवता. तेव्हापासून माझी एक दाढ दुखते आहे. ती मी लांबच्या दवाखान्यात दाखवतो.

जिना उतरताना मुलगी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग म्हणाली, "बाबा, आता तरी चल ना. घड्याळबिड्याळ काही नको."

मी म्हणालो, "एवढं झाल्यावर आता कसं सोडायचं? पुढच्या रविवारी बघ."

पाचव्या रविवारी मी घड्याळ ठरवलं आणि ऑनलाइन मागवलं. निवड उत्तम होती, ते मी आजही छातीठोक सांगेन. घोटाळा वेगळाच झाला. मागणीच्या फॉर्मवर नावाचा रकाना आला आणि सत्तावीस वर्षांच्या सवयीने माझ्या हाताने लिहिलं, 'अधीक्षक, खरेदी विभाग'. पत्त्याच्या रकान्यात अर्थातच ऑफिस.

पार्सल आलं त्या दिवशी मी मीटिंगमध्ये होतो. स्टोअरकीपरने ते घेतलं, उघडलं, डेडस्टॉक रजिस्टरला चढवलं आणि खात्याच्या प्रत्येक वस्तूवर घालतात तसा त्याच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर घातला. मी धावत स्टोअरमध्ये गेलो तेव्हा रंग वाळत होता.

"अरे बाबा, ही माझी खाजगी वस्तू आहे," मी म्हणालो.

स्टोअरकीपर माझ्याच हाताखाली तयार झालेला. आवाज न चढवता म्हणाला, "साहेब, आलेल्या मालाची नोंद तासाभरात झालीच पाहिजे, हे परिपत्रक कुणाचं?"

"माझं."

"आणि एकदा चढलेली वस्तू निकामी ठरवल्याशिवाय रजिस्टरवरून उतरवू नये, हे?"

"तेही माझंच."

"मग मी काय करू सांगा," तो म्हणाला, आणि घड्याळ लोखंडी कपाटात ठेवून त्याने किल्ली खिशात टाकली. मला त्याचा राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, त्याचं काम बघून मनातून बरं वाटलं.

निकामी ठरवायला तीन जणांची समिती लागते. समिती जमायला सहावा रविवार उलटला. अध्यक्षांनी विचारलं, वस्तूत दोष काय? मी लिहून दिलं, 'वेळ दाखवत नाही'. ते खोटं नव्हतं, कारण कुणी ते चार्ज केलेलंच नव्हतं. दुरुस्ती शक्य आहे काय, यावर एका सदस्याने शेरा मागितला, त्यात सातवा रविवार गेला. आठवा उलटल्यावर घड्याळ एकमताने निकामी ठरलं. एवढे आठवडे शोधून, तपासून, तक्ता करून घेतलेली माझ्या आयुष्यातली एकमेव वस्तू, आणि ती वापरण्यास अयोग्य आहे या कागदावर माझीच सही.

पण निकामी वस्तू कुणाला घरी नेता येत नाही. ती भंगाराच्या लिलावात जाते. लिलाव नवव्या रविवारनंतरच्या शनिवारी निघाला. लॉट नंबर तीन: मोडक्या खुर्च्या दोन, पंख्याची पाती, घड्याळ एक. भंगारवाल्याने खुर्च्यांना लाथ मारून बघितली आणि मागे सरला, म्हणून लॉट मला सुटला. लॉट फोडायचा नाही, अख्खा उचलायचा, हा नियम मात्र माझा नाही. तो माझ्या आधीच्या साहेबांचा. दोन मोडक्या खुर्च्या आणि पाती घेऊन मी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून घरी आलो, तेव्हा अख्खी बिल्डिंग गॅलरीत उभी होती. अनुभवींनी वरून विचारलं, "घड्याळ कुठंय?"

या सगळ्या रविवारी मुलगी टेकडीवर जात होती. निघताना माझ्या खोलीत डोकावायची. "आज?" मी नकारार्थी मान हलवायचो. ती म्हणायची, "बरं." मला ते "बरं" बरंच वाटायचं.

दहावा रविवार उजाडला. सोमवारी सकाळी तिची गाडी होती. हॉलमध्ये बॅगा भरून ठेवलेल्या. सहा वाजता ती बूट घालून तयार, आणि मीही तयार. नवे बूट, नवी टोपी, हातात घड्याळ. मी ते सुरू केलं. त्याने भाषा विचारली, जन्मवर्ष विचारलं, उंची-वजन विचारलं, कुठल्या मनगटावर घालणार ते विचारलं. मग म्हणालं, नवी आवृत्ती उतरवतो आहे, चाळीस मिनिटं थांबा. चाळीस मिनिटांनी म्हणालं, दीड तास.

"ते राहू दे ना घरी, बाबा," मुलगी म्हणाली.

"एवढं केलंय ग. आता तोंडाशी आलंय."

ती दारातल्या पायरीवर बसून राहिली. साडेसात झाले, साडेआठ झाले. साडेनऊला आतून बायकोने हाक मारली, की उरलेलं सामान बांधायचंय, भेटायला माणसं येतील. मुलीने बुटांच्या लेस सोडल्या. आधी डाव्या पायाची, मग उजव्या. मी समोरच उभा होतो. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "अठ्ठ्याऐंशी टक्के झालं."

आता जे सांगतोय ते बायकोलाही सांगितलेलं नाही. घड्याळाचं सगळं निमित्त होतं. आमच्या दुसऱ्या मजल्यावर चढताना मी पहिल्या मजल्यावर थांबून चपलेतला खडा काढतो. खडा नसतो. मला धाप लागते. ज्या पोरीला मी खांद्यावर बसवून फिरवलं तिच्यासमोर दर वीस पावलांवर खडा काढत टेकडी चढायची मला लाज वाटत होती. म्हणून तक्ता लांबत गेला. एवढी मोठी फाईल मी कशासाठी तयार केली हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि मी तिचे दहाच्या दहा रविवार खाल्ले.

ती गेली. पुढच्या रविवारी वर्तमानपत्र आणतो असं घरात सांगून मी टेकडीवर गेलो. एकटा. घड्याळ घालून. सात वेळा थांबलो. घड्याळाने दोनदा छातीचे ठोके जास्त असल्याचं कळवलं, जसं काही ते मला माहीतच नव्हतं. वाट खरोखरच एक होती.

वर सपाट जागा आहे आणि दोन बाक आहेत. तिथे पाच-सहा वयस्कर मंडळी बसली होती. मला बघून एका बाईंनी माझ्या चेहऱ्याकडे नाही, मनगटाकडे बघितलं.

"आलं वाटतं घड्याळ," त्या म्हणाल्या.

मी दचकलो. त्यांच्या शेजारचा माणूस हसला. "पुढच्या रविवारवाले बाबा ना तुम्ही? या, या. आम्ही तुम्हाला याच नावाने ओळखतो."

बाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि शेजारचा शिंपी. त्यांना सगळं ठाऊक होतं. एकतीस रकाने, बस, ऑइलपेंट, सगळं. मुलीने दर रविवारी नवा भाग सांगितला होता. "हसून हसून पोट दुखायचं आमचं," शिंपी म्हणाला. "पण कुणी तुम्हाला काही बोललं की ती चिडायची. म्हणायची, येईल माझा बाबा, त्याची तयारी चाललीय."

त्यांनी सरकून बाकावर जागा केली. मी बसलो नाही.

"आणि ती कुठाय?" बाईंनी विचारलं. "गेल्या रविवारीही आली नाही. आम्ही दहा वाजेपर्यंत थांबलो होतो. बरं नाही का तिला?"

"जरा काम होतं तिला," मी म्हणालो आणि ऊन चढतंय असं काहीतरी पुटपुटत खाली निघालो. माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. निदान ते त्यांच्याकडे नव्हतं.

अर्ध्यावर फोन वाजला. मुलगीच होती.

"बाबा, धापा का टाकतोयस?"

"टेकडी उतरतोय."

"एकटाच गेलास?"

"हो."

"वर बाई भेटल्या? शिंपीकाका होते?" मग म्हणाली, "मी गेले हे ऐकून त्यांना वाईट वाटलं असेल ना. मी नोकरीचं काही सांगितलंच नव्हतं त्यांना. बाई लगेच रडतात. ठरवलं होतं, शेवटच्या रविवारी तुला घेऊन जाईन, तुझी ओळख करून देईन आणि तेव्हाच निरोप घेईन. तुला बघून त्या हसतील, रडणार नाहीत, असं वाटलं होतं. तू सांगितलंस ना त्यांना?"

सांगितलं म्हणायला काय लागत होतं? एक शब्द.

"नाही सांगितलं," मी म्हणालो. "काम होतं तिला, असं म्हणालो. लाज वाटली ग मला. सगळीच चूक माझी आहे. घड्याळाचं काही नव्हतं. मला तुझ्यासमोर दमायचं नव्हतं."

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "म्हणून तर मी हळू चालणार होते."

मी फोन खिशात ठेवला आणि मागे वळलो. लगेच घड्याळ थरथरलं. आपण ठरलेला मार्ग सोडला आहे, मागे फिरा, असं त्यावर आलं. दर पन्नास पावलांवर ते तेच सांगत राहिलं. मी चढत राहिलो.

मंडळी निघायच्या तयारीत होती. मला परत आलेलं बघून शिंपी म्हणाला, "काय हो, काही राहिलं का?"

"हो," एवढंच मला म्हणता आलं. मी बाकावर बसलो आणि सगळ्यांच्या समोर, तोंड उघडं टाकून, चांगली पाच मिनिटं दमलो. बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. पाणी प्यायलो आणि मग त्यांना तिचा निरोप सांगितला.